दोन तारखा, एक हार्प : नागपुरातल्या एका हार्पवादिकेचं प्रकरण

हे प्रकरण लिहायला तिने परवानगी दिली तेव्हा एकच अट घातली. "माझ्या चुका गाळू नका, आणि तुमच्याही." म्हणून दोघींच्याही चुका इथे आहेत. कलावंतांचे करार आणि हिशोब पाहण्याचं काम मी नागपुरात करते. ती माझ्याकडे आली ती बिलांनी भरलेली कापडी पिशवी घेऊन. नाव दिलेलं नाही आणि ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.

पार्श्वभूमी

वडिलांच्या नोकरीमुळे ती दहाव्या वर्षापासून इंग्लंडमध्ये होती. तिथल्या शाळेत तिच्या हाती लीव्हर हार्प आला, म्हणजे बोटांनी तारा छेडून वाजवायच्या हार्पचा पेडल नसलेला छोटा प्रकार. पुढे आईवडील धरमपेठेतल्या घरी परतले. ती मागे राहिली, संगीत महाविद्यालयातून पदवी आणि पदव्युत्तर शिक्षण घेतलं आणि सहा वर्षं तिथेच व्यावसायिक हार्पवादक म्हणून काम केलं.

हा पेशा चालतो कसा ते आधी सांगायला हवं, नाहीतर पुढचं काहीच उलगडणार नाही. मोठ्या सिंफनी ऑर्केस्ट्रात व्हायोलिनवादक तीसच्या आसपास असतात. हार्पची जागा सहसा एकच असते. कित्येक ऑर्केस्ट्रा तीही कायम भरत नाहीत, रचनेत हार्प असेल तेव्हा बाहेरून वादक बोलावतात. ज्याला कायमची जागा मिळते तो वीस-पंचवीस वर्षं ती सोडत नाही. जागा निघालीच तर आधी ऑडिशन होते. त्यातून निवडलेल्यांना काही महिने अधूनमधून कार्यक्रमांत वाजवायला बसवतात. याला तिथे ट्रायल म्हणतात. एका ऑर्केस्ट्राच्या ट्रायलपर्यंत ती पोचली होती. चौदा महिने ते चाललं आणि जागा दुसऱ्या वादकाला मिळाली.

मग उरलं ते फ्रीलान्स. या आठवड्यात एखाद्या ऑर्केस्ट्राला दुसरा हार्प हवा, पुढच्या आठवड्यात लग्न, रविवारी हॉटेलात दुपारच्या चहाच्या वेळी दोन तास, मंगळवार-बुधवारी शिकवण्या. आपल्याकडे हे ऐकलं की लोक हळहळतात, "म्हणजे नोकरी नाहीच मिळाली." मला हे पटत नाही. जगभरातले बहुतेक हार्पवादक असंच जगतात. हाच त्यांचा पेशा आहे आणि त्याला नोकरीपेक्षा जास्त शिस्त लागते.

वडिलांना अर्धांगाचा झटका आला आणि ती नागपूरला परतली. सोबत कर्ज काढून घेतलेला मोठा पेडल हार्प आणला. विकून ये, असं तिला तिथल्या दोघातिघांनी सांगितलं होतं. तिने ऐकलं नाही, आणि मला त्यात काही गैर वाटत नाही. नवा पेडल हार्प पंधरा-वीस लाखांच्या पुढेच जातो. एकदा विकला की पुन्हा घेणं होत नाही.

हे वाद्य न पाहिलेल्यांसाठी थोडं सांगते. उंची साधारण सहा फूट, वजन चाळीस किलोच्या जवळपास, तारा ४७. वरच्या नायलॉनच्या, मधल्या आतड्यापासून केलेल्या, त्यांना गट म्हणतात, आणि खर्जाच्या धातूच्या. ४७ सारख्या तारांमध्ये बोट नेमकं पडावं म्हणून सी सुराच्या तारा लाल असतात आणि एफच्या काळ्या. पायाशी सात पेडल, म्हणजे प्रत्येक सुराला एक, आणि प्रत्येक पेडलच्या तीन जागा: कोमल, शुद्ध, तीव्र. एक पेडल हलवलं की त्या सुराच्या सगळ्या सप्तकांतल्या तारा एकदम बदलतात. पॅरिसच्या सेबास्तियां एरार्दने १८१० मध्ये ही यंत्रणा पेटंट केली. आजही मूळ कल्पना तीच आहे.

घरी हार्प उतरवायला आलेल्या छोट्या हत्तीच्या ड्रायव्हरने विचारलं होतं, "हे काय होय ताई? फ्रिज होय का?" वाद्य आहे म्हटल्यावर त्याने खोक्याला हात लावून नमस्कार केला आणि मग तिघांनी मिळून ते इतक्या हळुवार उतरवलं की तिच्या आईला भरून आलं.

हार्प म्हणजे परकी गोष्ट, असं नातेवाईक म्हणत. पण समुद्रगुप्ताच्या नाण्यावर राजा मांडीवर घेऊन बसलाय ती वीणा हार्पच्याच घराण्यातली आहे. मंडल्याकडच्या परधान या गाणाऱ्या-वाजवणाऱ्या जमातीचा बिनबाजाही त्याच घराण्यातला, पाच तारांचा. नागपूरहून मंडला काही फार लांब नाही.

पहिला मे महिना जड गेला. नागपुरात पारा पंचेचाळीसच्या पुढे जातो आणि घरोघर कूलर लागतात. हार्पला खरी भीती कूलरची. दुपारी हवा खडखडीत कोरडी, संध्याकाळी कूलर सुरू झाला की तासाभरात भिंतीसुद्धा ओलसर लागतात. आतड्याची तार ही ओढाताण सोसत नाही. लाकडी ध्वनिपटावर सगळ्या तारांचा मिळून टनाच्या घरातला ताण असतो, तोही हवेबरोबर हलतो. वडिलांच्या खोलीतला कूलर सुरू, मधलं दार उघडं, आणि नवतपाच्या नऊ दिवसांत सहा तारा तुटल्या. रात्री दोनला बंदुकीसारखा आवाज व्हायचा. या तारा परदेशातून मागवाव्या लागतात. शेवटी हार्पच्या खोलीला एसी बसवला आणि मधल्या दाराच्या फटीला कापडाची गुंडाळी लावली. पण वडिलांना दार बंद नको असायचं. त्यांना पहाटे तिचं तारा लावणं ऐकायचं असे.

दीड वर्षात नागपुरातलं काम उभं राहिलं. वर्धा रोडवरच्या रिसॉर्टांतली आणि लॉनवरची लग्नं, चार विद्यार्थी, एका हॉटेलात महिन्यातून दोन रविवार, नाताळात सदरच्या चर्चमध्ये कॅरल. कर्जाचा हप्ता जाऊन घराला हातभार लागत होता.

अडचण

जानेवारीतल्या एका सोमवारी मुंबईहून फोन आला. बाहेरून येणाऱ्या एका ऑर्केस्ट्राला दुसरा हार्पवादक हवा होता, स्वतःच्या वाद्यासह. रचना बर्लिओझची, १८३० सालची, पाच भागांची मोठी सिंफनी. बुधवार, गुरुवार, शुक्रवार तालमी, शनिवारी कार्यक्रम. मधे सोळा दिवस.

त्याच गुरुवारी संध्याकाळी वर्धा रोडच्या एका लॉनवर जयमालेला वाजवायचं तिने चार महिन्यांपूर्वी कबूल केलं होतं. मानधन चाळीस हजार, अर्धे आगाऊ घेतलेले.

या दोन ओळींत अडचण संपत नाही. ऑर्केस्ट्राच्या बोलावण्याची किंमत त्या एका मानधनात मोजता येत नाही. पगारी ऑर्केस्ट्रा म्हणजे आपल्या देशात २००६ मध्ये मुंबईच्या एनसीपीए या कलाकेंद्रात सुरू झालेली सिंफनी ऑर्केस्ट्रा ऑफ इंडिया. त्यापलीकडे ऑर्केस्ट्रात बसायची संधी अशी क्वचितच येते. हार्पवादकाला एकटीने सराव करून ऑर्केस्ट्राचं वादन टिकवता येत नाही. संचालकाच्या हाताकडे बघत ऐंशी जणांत नेमकं शिरणं हे तिथे बसूनच हाताला राहतं. नागपुरात परतल्यापासून ती एकदाही ऑर्केस्ट्रात बसली नव्हती. आणखी एक वर्ष गेलं असतं तर आपल्याला बोलावणारं कोणी उरणार नाही, ही तिची भीती खरी होती.

दुसरीकडे, दिलेला शब्द. इंग्लंडमध्ये असा प्रसंग आला की डेप्युटी पाठवतात. आपल्याच तोडीचा दुसरा वादक आधी विचारून ठरवायचा, यजमानाला कळवायचं आणि पैसे त्याला द्यायचे. तिथल्या फ्रीलान्स वादकांचं सगळं जग या परस्परांच्या भरवशावर चालतं. आणि तिथला अलिखित नियम कडक आहे: मोठं काम आलं म्हणून आधी घेतलेलं छोटं काम तोंडावर सोडणाऱ्याला पुन्हा कोणी बोलावत नाही. ती त्याच वळणाची. पण नागपुरात डेप्युटी म्हणून पाठवणार कोणाला? भोपाळ, रायपूर, हैदराबाद सगळीकडे फोन करून झाले. हार्प वाजवणारं कोणी सापडलं नाही.

पर्याय

लग्न सोडायचं, आगाऊ रक्कम परत करायची, ही वाट आईने सुचवली. कायद्याने यात अडचण नव्हती, करारात तशी सोय मीच लिहिली होती. पण तिला ते नको होतं, आणि मलाही नागपुरातल्या वेडिंग प्लॅनर मंडळींचं माहीत आहे. इथे सगळे एकमेकांना ओळखतात. सीताबर्डीत सकाळी झालेली गोष्ट संध्याकाळी मानकापुरात पोचते.

मुंबईला नाही म्हणायचं, हा दुसरा मार्ग. दोन दिवस ती याच विचारात होती. तिसऱ्या दिवशी वडिलांनी तोंड उघडलं. झटक्यानंतर त्यांना बोलायला वेळ लागतो. "तू नाही म्हणशील," ते म्हणाले, "आणि मग माझ्याकडे पाहून रडत बसशील. ते नको."

दोन्ही करायचं, हा तिसरा पर्याय आम्ही आधी अशक्य म्हणून बाजूला टाकला होता. तो पुन्हा टेबलावर आला तो तिच्या एका प्रश्नामुळे. या प्रकरणातला सगळ्यात चांगला निर्णय मला तोच वाटतो. बर्लिओझच्या त्या सिंफनीत पाच भाग आहेत आणि हार्प फक्त दुसऱ्या भागात, मेजवानीच्या नाचात वाजतात. जेमतेम सहा-सात मिनिटं. मग तालमीच्या तिन्ही दिवसांत दुसरा भाग कधी घेणार आहेत, एवढंच तिने ऑर्केस्ट्राच्या व्यवस्थापकांना विचारलं. उत्तर तासाभरात आलं: बुधवारी दुपारच्या चहानंतर, शुक्रवारी सकाळी, आणि शनिवारी रंगीत तालमीत. गुरुवारी पहिला, चौथा आणि पाचवा भाग होता. हार्पवादकांना सुट्टी.

म्हणजे ती दोन्हीकडे पोचू शकत होती. हार्प पोचू शकत नव्हता.

निर्णय आणि कृती

तिच्या प्रताप नगरच्या विद्यार्थिनीकडे ३४ तारांचा लीव्हर हार्प होता. यात पेडल नसतात, प्रत्येक तारेला वर छोटी कळ असते, ती चढवली की तो सूर अर्ध्याने चढतो. वजन मोठ्याच्या निम्म्याहूनही कमी, एकटीला उचलता येतो. ठरलं असं: मोठा हार्प मंगळवारी रस्त्याने मुंबईला जाईल, ती विमानाने. बुधवारची तालीम करून गुरुवारी सकाळी नागपूर, संध्याकाळी लीव्हर हार्पवर जयमाला, शुक्रवारी पहाटेच्या विमानाने परत मुंबई.

आता माझी चूक. लग्नाच्या घरच्यांना वाद्य बदलतंय हे लगेच सांगावं असं तिचं म्हणणं होतं. मी तिला थांबवलं. मुंबईचा करार हातात येऊ दे, उगाच आधी गोंधळ कशाला, असं म्हटलं. करार यायला चार दिवस लागले. तेवढ्यात डेकोरेटरने सोनेरी हार्पच्या मापाने स्टेजच्या उजव्या अंगाला फुलांची कमान ठरवून टाकली होती. तिने फोन केला तेव्हा मुलीची आई शांतपणे बोलली, पण जे बोलली ते अजून माझ्या कानात आहे. "आधीच सांगितलं असतं न ताई, तर काहीतरी केलं असतं आम्ही. आता सगळं झाल्यावर सांगून राहिल्या तुम्ही." त्यांनी पैसे दिले होते ते त्या उंच, सोनेरी वाद्याच्या फोटोसाठीसुद्धा, आणि त्यात त्यांचं काही चुकलं नव्हतं. तिने आपण होऊन दहा हजार कमी केले. मी गप्प बसले.

मुंबईच्या करारात वाहतुकीचा उल्लेखच नव्हता. इंग्लंडमध्ये हार्पसारखं जड वाद्य आणणाऱ्याला वेगळा भत्ता देण्याची पद्धत आहे, पोर्टरेज म्हणतात त्याला. तिने तो गृहीत धरला. मानधन पंचावन्न हजार, विमान आणि राहणं त्यांचं, एवढंच लिहिलेलं होतं. बंद बॉडीच्या गाडीचे जाऊन-येऊन अडतीस हजार तिच्या खिशातून गेले. विचारलं असतं तर मिळाले असते की नाही ते सांगता येत नाही. विचारलंच नाही, हे खरं.

गाडी समृद्धीने गेली. तेव्हा तो रस्ता नागपूरहून इगतपुरीपर्यंत, ६२५ किलोमीटर, सुरू झाला होता. शेवटचा टप्पा पुढे जून २०२५ मध्ये खुला झाला. इगतपुरीपर्यंत हार्प पाळण्यात झोपल्यासारखा गेला, पुढे कसारा घाटात हादरे बसले. खाली दोन गाद्या, वर रजई, चारही बाजूंनी पट्टे. ड्रायव्हर तोच, फ्रिजवाला. दर दोन तासांनी त्याचा फोन यायचा, "बरोबर आहे ताई, निजून आहे." मुंबईला गेटवर गाडीचा नंबर यादीत नव्हता, त्यात चार तास गेले.

बुधवारी सकाळी तिने कव्हर काढलं तर चौथ्या सप्तकातल्या दोन गट तारा तुटलेल्या. नागपूरच्या कोरड्या जानेवारीतून मुंबईच्या दमट हवेत एका रात्रीत आल्यावर दुसरं काय होणार. जोडतारा सोबत होत्या, तिने त्या चढवल्या. पण नवी गट तार काही दिवस ताणत राहते, सूर उतरत राहतो. तालमीच्या प्रत्येक विश्रांतीत बाकीचे चहाला जात आणि ती त्या दोन तारांपाशी बसलेली असे. पहिल्या हार्पच्या ज्येष्ठ वादिकेने ते पाहिलं आणि शुक्रवारी स्वतःचा चहा तिच्यासाठी तिथेच आणून दिला.

गुरुवारची वरात साडेसातला यायची ती सव्वानऊला आली. करारात वेळ साडेसात ते साडेआठ अशी होती, ती उठून जाऊ शकली असती. गेली नाही. लीव्हर हार्पचा आवाज बारीक, त्याला तिने पिकअप, म्हणजे आवाज स्पीकरपर्यंत नेणारं छोटं यंत्र, लावला होता, पण बँडपुढे तोही कमीच पडला. जयमालेच्या वेळी स्टेजच्या दोन्ही अंगांनी कोल्ड पायरो, म्हणजे ठिणग्यांची कारंजी, उडाले, त्यातला एक तिच्यापासून चार फुटांवर. ठिणग्या तारांवर आल्या नाहीत. सव्वादहाला ती निघाली, तीन तास झोपली आणि पहाटे विमानतळावर पोचली. धुक्यामुळे विमान पंचवीस मिनिटं उशिरा सुटलं. दुसऱ्या भागाची तालीम सुरू व्हायला अकरा मिनिटं असताना ती हार्पशी येऊन बसली.

परिणाम

शनिवारी कार्यक्रम नीट झाला. सहा-सात मिनिटं वाजवून उरलेले तीन भाग ती मंचावर निश्चल बसून होती. हार्पवादकांना हे बसणंही जमावं लागतं.

हिशोब मी लिहिला: मुंबईच्या मानधनातून वाहतूक जाता सतरा हजार, त्यातून तारा आणि टॅक्सी. साडेपाच हजार टीडीएस कापला गेला, तो विवरणपत्र भरल्यावर परत आला. लग्नाचे तीस हजार. विद्यार्थिनीला वाद्याचं भाडं तीन हजार, तिच्या आईवडिलांनी ते तिच्या नावाने पोस्टात ठेवलं. दोन आठवडे जिवाचं रान करून हाती लागलेली रक्कम एखाद्या साध्या महिन्याच्या शिकवण्यांएवढीच होती.

पण त्या ज्येष्ठ वादिकेने तिचा नंबर घेतला होता. पुढच्या दहा महिन्यांत मुंबईहून आणखी दोन बोलावणी आली, दोन्ही तिच्या शिफारशीवरून. ज्या वेडिंग प्लॅनरमार्फत ते लग्न होतं त्याने एक हंगाम फोन केला नाही. पुढच्या तुळशीच्या लग्नानंतर केला, आणि मागितला तो लहान हार्प. कार्यक्रम पहिल्या मजल्यावरच्या गच्चीत होता, मोठा हार्प लिफ्टमध्ये मावला नसता.

इथून तिच्या कामाची मांडणीच बदलली. मोठा हार्प आता मुंबईच्या उपनगरात एका पियानोशिक्षक मैत्रिणीच्या एसीच्या खोलीत राहतो, महिना चार हजार भाड्याने. ऑर्केस्ट्राची कामं तिथेच असतात आणि हवा वर्षभर फारशी हलत नाही. नागपुरात तिने स्वतःचा लीव्हर हार्प घेतला. कूलरशी त्याचंही वैर आहेच, पण तारांवरचा ताण कमी असल्याने तो जास्त सोसतो.

आणि एक गोष्ट आमच्या कोणाच्याच हिशोबात नव्हती. लीव्हर हार्प नेहमीप्रमाणे ई फ्लॅटच्या पट्टीत लावलेला होता. एका पहाटे ती सहज ए, सी आणि जी या तीन सुरांच्या कळा चढवून एपासून वाजवत सुटली. वडील आतून म्हणाले, "ललित आहे का?" ललित होता. ललितात पंचम वर्ज्य आणि दोन्ही मध्यम. हार्पवर एका सप्तकात सातच तारा, तेव्हा दोन मध्यम बसवायचे कुठे हा प्रश्न पडायला हवा. पण पंचम लागतच नसल्याने पंचमाची तार तीव्र मध्यमाचं काम करते. सातही तारा कामाला लागतात, एकही फुकट जात नाही. सुरावरून सुरावर घसरत जाणारी मींड हार्पवर निघत नाही, सुराला हेलकावा देणारी गमक नाही, याची तिला पूर्ण जाण आहे. तरी त्या दोन मध्यमांची जोडी नुसत्या आघातातही उमटते.

यातून दिवाळी पहाटेचा कार्यक्रम मिळाला, एका ज्येष्ठ गायिकेच्या साथीला. बाईंची पट्टी, म्हणजे गाण्याचा सा, काळी पाच. लीव्हर हार्पवर ललित पांढरी दोन, तीन किंवा सहा (म्हणजे डी, ई किंवा ए) इथूनच बसतो. पेडल हार्प असता तर पेडल हलवून कुठल्याही पट्टीत गेली असती, पण तो मुंबईत. सगळा लीव्हर हार्प अर्धा सूर चढवून लावायचा तर तारा रात्रभर स्थिर होत नाहीत. शेवटी तिने बाईंनाच विचारलं, या वेळी सोळा दिवस नाही तर सहा आठवडे आधी. बाई म्हणाल्या, "अर्ध्या सुरानं काय बिघडते? पांढरी सहात गाते मी."

वेगळं काय करता आलं असतं

वाद्य बदलतंय ही गोष्ट ठरली त्याच दिवशी सांगायला हवी होती. माझ्या सल्ल्यामागे कागदाची काळजी होती, माणसांची नव्हती. करार पक्का होईपर्यंत गप्प बसावं हे धंद्याचं शहाणपण म्हणून मी वर्षानुवर्षं सांगत आले. पण जिथे बदली माणूस नाही, बदली वाद्य नाही, तिथे समोरच्याला मिळणारा प्रत्येक दिवस मोलाचा असतो. आता तिच्या लग्नाच्या करारात वाद्य कोणतं ते स्पष्ट लिहिलेलं असतं, आणि "दोन्हींपैकी एक" असं हवं असेल तर तेही.

त्याच करारात आणखी काही ओळी आल्या आहेत. सपाट, कोरडी जागा आणि वर सावली. कूलर, पाण्याचे फवारे आणि पायरो दहा फुटांच्या आत नकोत. हातांच्या दांड्या नसलेली खुर्ची. वरात कितीही उशिरा आली तरी ठरलेल्या वेळेनंतर दर अर्ध्या तासाचे वेगळे पैसे. वाहतूक कोणाची, ही ओळ सगळ्यात वर. हे सगळं लिहायला मला वीस मिनिटं लागली. दीड वर्षापूर्वी लिहिलं असतं तरी वीसच लागली असती.

हार्प एक दिवस आधी पोचायला हवा होता का? ती म्हणते, दोन दिवस आधी. मंगळवारी निघून बुधवारी तालीम, यात वाद्याला नव्या हवेत विसावायला रात्रसुद्धा धड मिळाली नाही. दोन दिवसांचा मुक्काम म्हणजे आणखी खर्च, आणि तोही कोणी देणार नाही. यावर आमचं एकमत झालेलं नाही.

नागपूरला परतल्यावर पहिल्याच वर्षी तिने लीव्हर हार्प घ्यायला हवा होता असं मी म्हणते. तिला हे मान्य नाही. तिचं म्हणणं, तेव्हा घेतला असता तर मोठ्या हार्पवरचा हात सुटला असता, कारण सोपं वाद्य समोर असलं की माणूस तेच उचलतो. तिला मोठ्याची सवय जिवंत ठेवायची होती. मी हिशोब पाहते, ती हात पाहते, आणि या बाबतीत तिचं ऐकायला हवं असं मला आता वाटतं.

मोठा हार्प मुंबईला हलवण्याचा निर्णय बरोबर होता. पण वडिलांना कोणी आधी विचारलं नाही. हार्प गेला त्या दुपारी ते त्या खोलीत जाऊन बसले. गालिच्यावर वाद्याच्या बैठकीचे खोल ठसे राहिले होते. तिने तो गालिचा अजून उचललेला नाही.

त्याच जागी आता ती पेडलांचा सराव करते, पेडल नसताना. फरशीवर खडूने सात रेघा आखल्या आहेत, डावीकडे डी, सी, बी, उजवीकडे ई, एफ, जी, ए. समोर लीव्हर हार्प, स्वर त्यावर, आणि पाय खडूच्या रेघांवरून पुढेमागे. मुंबईला जायच्या आधीचा आठवडाभर रोज सकाळी एक तास. वडील दारात खुर्ची टाकून बसतात आणि तिचे पाय पाहतात. परवा तिचा उजवा पाय एफवरून जीवर जाताना रेघ चुकला, तर त्यांनी काठी एकदा आपटली. तिने तो भाग पुन्हा पहिल्यापासून घेतला.